चिऊ, बजेटमधली ती ओळ बदल

प्रिय चिऊ,

तुझं केनियातल्या डासांच्या प्रोजेक्टच्या बजेटचं एक्सेल बघितलं. बेरजा बरोबर आहेत, युरोचा भाव पण जपून धरलायस ते मला फार आवडलं, फक्त बोडाबोडाला, म्हणजे भाड्याच्या बाइकला, खूपच कमी ठेवलेत, पावसात होमा बेकडच्या त्या मातीच्या रस्त्यांना बाइकवाले दुप्पट मागतात आणि घासाघीस केली तर सरळ निघून जातात. तेवढं वाढव. पण पत्र त्यासाठी नाही लिहीत.

किसुमूकडच्या त्या दोन मुलींचे पैसे तू 'सर्व्हिसेस'मधे टाकलेत. जनरेटरचं भाडं, ड्राय आइस, फोटोकॉपी, आणि मग या दोघी. त्यातली एक पीएचडी करतीये हे तूच मला फोनवर सांगितलंस ना? मग ती सर्व्हिस कशी झाली गं? तू 'पर्सोनेल'मधे, तुझे प्रोफेसर 'पर्सोनेल'मधे, तुमच्याकडचा तो महिन्यातून चार तास आकडेवारी बघणारा पण 'पर्सोनेल'मधे, आणि जी डास पकडणार, ओळखणार, नोंदी ठेवणार ती जनरेटरच्या खालच्या ओळीत. तू म्हणशील फॉरमॅट युनिव्हर्सिटीचा आहे. असेल. पण मी इतकी वर्षं इथं केनियात ग्रँटचे हिशेब बघतीये, मला माहितीये पुढे काय होतं. दोन वर्षांनी पेपर लिहायला बसतात तेव्हा कुणीतरी प्रपोजल उघडतं आणि टीम कोण होती ते बघतं, पर्सोनेलवाले ऑथर होतात आणि सर्व्हिसेसवाल्यांचे खाली आभार मानतात, ते पण कधीकधी नाव न घालता, 'स्थानिक फील्ड टीम' म्हणून. कुणी मुद्दाम दुष्टपणा करतं असं नाही. ओळ तशी पडलेली असते म्हणून तसं होतं.

आता त्या मुली काय काम करणार ते तुला पेपर वाचून माहितीये, मला बिलं पास करून माहितीये. अंधार पडायच्या आत घरोघर जाऊन लाइट ट्रॅप टांगायचे, आणि टांगायचे कुठे तर माणसं झोपतात तिथं, मच्छरदाणीच्या पायथ्याशी, म्हणजे थेट झोपायच्या खोलीत, घरातली बाई परक्या पुरुषाला तिथं कशाला येऊ देईल, म्हणून मुलगीच लागते. पहाटे परत जाऊन पिशव्या उतरवायच्या, मलेरियाच्या डासांतला गॅम्बिए कुठला, फ्युनेस्टस कुठला, पोटात रक्त असलेला कुठला ते वेगळं करायचं, ट्यूबवर नंबर घालायचा, ऊन चढायच्या आत डबा लॅबला पोचवायचा. आणि माणसाच्या पायावर बसणारे डास पकडायचे असतील तर अख्खी रात्र बसायचं. पुरुष गम बूट घालतो आणि निघतो. बाई असेल तर आधी नवऱ्याला समजावायचं, मग सासूला, गावात लोक काय बोलतील ते ऐकून घ्यायचं, रात्री बाथरूमला कुठे जायचं ते बघून ठेवायचं, आणि अंधारात कुणाच्या बाइकवर बसायचं ते पण ठरवायचं. यातलं काहीही पेपरातल्या 'मेथड्स'मधे येत नाही. मेथड्समधे येतं की ट्रॅप संध्याकाळी सहाला लावले आणि सकाळी सहाला काढले.

आमच्याकडे एक होती, कीटकशास्त्रातलीच, बाळ पाच-सहा महिन्यांचं, अंगावर पिणारं. फील्डला जाताना बाळ आणि आया दोघांना बरोबर न्यायची आणि आयाच्या बसभाड्याचं बिल माझ्याकडे आलं. मी बजेटात खर्चाचं हेड शोधते शोधते, हेडच नाही. गाडीच्या टायरला आहे, पंक्चरला आहे, वर्कशॉपच्या बॅनरला आहे, आयाच्या बसभाड्याला नाही. मी फंडरला मेल केला, तिकडून अगदी गोड भाषेत नकार आला. तिनं ते पैसे चामामधून उचलले. चामा तुला आठवत असेल, आपली भिशीच ती, ऑफिसातल्या बायका दर महिन्याला घालतात. इथल्या किती बायकांची पीएचडीची फी चामातून भरली गेलीये ते मोजलं तर मला वाटतं तो या देशातला मोठ्या फंडरांपैकी एक निघेल, फक्त त्याचा लोगो पोस्टरवर कुणी छापत नाही. दिवसभर शिकवायचं, तपासायचे गठ्ठे घरी आणायचे, मुलं झोपली की थिसिस, आणि गाइड एकाच वेळी एवढ्या जणांचा गाइड की चॅप्टर दिला तर महिनोन् महिने उत्तर नाही. तू तीन आठवडे कमेंट आल्या नाहीत म्हणून रडत होतीस ना परवा, तुला कमी लेखत नाही, पण ऐकून ठेव.

वांगारी माथाईंचं नाव तुला शाळेपासून माहितीये, झाडं लावणाऱ्या म्हणून. मला त्या झाडांच्या आधीच्या जास्त जवळच्या वाटतात, युनिव्हर्सिटीतल्या. १९६६ साली अमेरिकेतून एमएस करून नैरोबीला परत आल्या, झूऑलॉजीच्या प्रोफेसरनी रिसर्च असिस्टंटची नोकरी लेखी दिलेली, लेटर हातात, आणि रुजू व्हायला गेल्या तर जागा दुसऱ्याला देऊन टाकलेली, त्या प्रोफेसरांच्या समाजातल्या एकाला. बाई म्हणून आणि दुसऱ्या जमातीची म्हणून, असं त्यांचं स्वतःचं मत. मग व्हेटर्नरी अॅनाटॉमीत एका जर्मन प्रोफेसरांनी घेतलं, हॉफमन, गिसेनचे. तुझ्या तिथून ट्रेननं दोन-अडीच तासांवर आहे ते गिसेन, १९६७ मधे त्या तिथं आणि म्युनिकला शिकायला होत्या, जमलं तर एखाद्या रविवारी जाऊन ये. १९७१ ला पीएचडी, पूर्व आणि मध्य आफ्रिकेतली डॉक्टरेट मिळवणारी पहिली बाई. १९७६ ला डिपार्टमेंटची हेड. म्हणजे सगळं छान झालं असं वाटतं, पण त्याच काळात त्या युनिव्हर्सिटीशी भांडत होत्या की शिकवणाऱ्या बायकांना घर, मेडिकल वगैरे पुरुषांसारखंच द्या. लग्न झालेल्या बाईला नवरा आहे की, तिला कशाला वेगळं, हा हिशेब. तो हिशेब मी माझ्या पहिल्या नोकरीत सांगलीत पण ऐकलाय, त्यामुळे केनियाला नावं ठेवायचं कारण नाही. पुढे १९८२ साली निवडणूक लढवायची म्हणून राजीनामा दिला, उमेदवारी तांत्रिक कारणानं बाद झाली, आणि परत नोकरीवर यायला गेल्या तर युनिव्हर्सिटीनं घेतलं नाही, वर घर पण खाली करायला सांगितलं. २००४ ला नोबेल मिळालं. आता त्याच युनिव्हर्सिटीत त्यांच्या नावानं आख्खी इन्स्टिट्यूट आहे. लेटरहेडवर नाव घालायला काय, ते सोपं असतं.

युगांडात कंपालाच्या मकेरेरे युनिव्हर्सिटीचं तर तुला माहितीये का, १९२२ ची संस्था, आणि तिचं ब्रीदवाक्यच होतं की आपण पुरुष होऊया! १९४५ ला पहिल्या मुली आल्या तेव्हा बदलावं लागलं. मला हे कळलं तेव्हा मी ऑफिसात एवढी हसले की सगळे बघायला लागले. १९९० पासून तिथं मुलींना प्रवेशाला दीड पॉइंट जादा द्यायला लागले, त्यावरून पोरं टोमणे मारायची म्हणे, दीड पॉइंटवाली आली. त्या दीड पॉइंटात शेण-पाणी-सरपण-धाकटी भावंडं यातलं काय काय बसतं ते कुणी विचारत नाही.

आणि पैशाचं ऐक, कारण ते माझं खातं आहे. अमेरिकेच्या एनआयएचची, म्हणजे आरोग्य संशोधनाला पैसे देणाऱ्या त्यांच्या सरकारी संस्थेची, ग्रँट असेल तर वीज-पाणी-ऑडिट-माझा पगार यासाठी जो ओव्हरहेड मिळतो तो परदेशी संस्थेला ८ टक्के. अमेरिकेतल्या मोठ्या युनिव्हर्सिटींना तोच ५० टक्क्यांच्या वर. २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांच्याकडे सगळ्यांना १५ टक्के करतो म्हणाले तर केवढा गदारोळ, कोर्टात गेले, लॅब बंद पडतील म्हणाले, आणि खरंच पडल्या असत्या, मी नाही म्हणत नाही. पण आम्ही आठवर कसं चालवत होतो हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं असेल असं मला वाटत नाही. आठवर चालवायचं म्हणजे फ्रीझरला बॅकअप नाही, लाइट गेली की रात्री अकराला कुणीतरी धावत यायचं, आणि ते कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा कॉन्ट्रॅक्टवरची लॅब असिस्टंट. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेनं आपल्या मदतीवर चाललेलं काम सगळीकडे थांबवा म्हणून कळवलं तेव्हा दक्षिण आफ्रिकेत ग्लेंडा ग्रे यांचा एचआयव्ही लसीचा मोठा कार्यक्रम ट्रायल सुरू होता होता थांबला, डॉक्टर आफ्रिकेतले, लस तपासणार आफ्रिकेत, आणि पैशाची चावी वॉशिंग्टनमधे. इकडे आमच्या ओळखीतल्यांचं पण तेच, आणि आधी नोकऱ्या गेल्या त्या कॉन्ट्रॅक्टवाल्यांच्याच.

रिएजंटचा, म्हणजे प्रयोगाच्या रसायनांचा, पण माल पोचायचा वेळ बजेटमधे धरलेला दिसत नाही. तुझ्याकडे आज ऑर्डर केलं की परवा टेबलावर. इथं आधी प्रोफॉर्मा बिल, मग करमाफीचं पत्र, मग एअरपोर्टवर क्लिअरन्स, तोपर्यंत ड्राय आइस उडून गेलेला असतो. मी स्वतः जाऊन बघितलाय तो खोका, बाहेर 'उणे वीस' असं मोठ्या अक्षरात स्टिकर, आत हात घातला तर अँटिबॉडीच्या कुपी कोमट. ज्या मुलीनं त्या मागवल्या होत्या तिनं शांतपणे मला विचारलं, मॅम परत ऑर्डर करायला पैसे आहेत का. नव्हते. तिचा प्रयोग तिथंच थांबला आणि कॉन्फरन्समधे एकानं तिला विचारलं की सॅम्पल साइज इतका लहान का.

कॉन्फरन्सवरून आठवलं. तू मागे सहज म्हणालीस की त्या केनियन मुलीला तुमच्याकडच्या वर्कशॉपला बोलवू, छान होईल. बोलव की, पण तिकीट काढलं म्हणजे झालं असं समजू नकोस. आमच्याकडच्या एकीला युरोपातल्या कॉन्फरन्सला तोंडी सादरीकरण मिळालं, सगळा खर्च आयोजकांचा, मीच फंडिंगचं लेटर टाइप केलं होतं. नोकरीचं पत्र दिलं, बँकेचे सहा महिने दिले, लग्नाचं सर्टिफिकेट, मुलांचे जन्मदाखले, आणि उत्तर आलं की तुम्ही परत जाल याबद्दल शंका वाटते. घरी दोन मुलं, लॅबमधे अर्धा प्रयोग, ती कशाला राहील तिकडे? तिची स्लाइड तिच्या ब्रिटिश सहकाऱ्यानं दाखवली. २०२२ ला माँट्रियलच्या एड्स कॉन्फरन्सला तर आफ्रिकेतल्या कितीतरी लोकांना व्हिसाच मिळाला नव्हता, जिथं आजार सर्वात जास्त तिथलीच माणसं बाहेर. म्हणून सांगते, वर्कशॉपचं आमंत्रण निदान चार-पाच महिने आधी काढ, आणि जमलं तर वर्कशॉप किसुमूलाच ठेव ना, तुमची माणसं येऊ देत की विमानानं, त्यांना ईटीए, म्हणजे इथं यायचा परवाना, ऑनलाइन मिळतो.

सगळंच वाईट आहे असं पण तुझ्या डोक्यात भरवायचं नाही मला. इथं कासारानीला इसिपे आहे, कीटकांची मोठी संस्था, तिथं २०१३ पासून दहा वर्षं सेगेनेत केलेमू डायरेक्टर जनरल होत्या, इथिओपियातल्या लहान गावातून आलेल्या, त्यांच्या भागातून युनिव्हर्सिटीत गेलेली पहिली मुलगी. पंचवीसेक वर्षं अमेरिका आणि कोलंबियात काढून २००७ ला आफ्रिकेत परत आल्या. आणि 'अवॉर्ड' नावाची फेलोशिप आहे शेतीसंशोधनातल्या आफ्रिकन बायकांसाठी, २००८ पासून, ती पैशापेक्षा जास्त मेंटॉर देते, आमच्या इथल्या बायका त्याचंच कौतुक करतात, की पगार किती मागायचा आणि मीटिंगमधे मधे कुणी बोललं तर काय करायचं हे कुणीतरी पहिल्यांदा सांगितलं.

तर आता काम. ती ओळ 'पर्सोनेल'मधे हलव, दोघींना महिन्याचा पगार धर, रोजंदारी नाही, रात्रीचा भत्ता वेगळा, विमा, आणि गाडी, बाइक नाही. 'केअरगिव्हर ट्रॅव्हल' म्हणून एक हेड उघड, रक्कम लहान असू दे पण हेड असू दे, नाहीतर माझ्यासारखी कुणीतरी परत शोधत बसेल. पीएचडीवालीशी आधी बोल, कुठला डेटा तिच्या थिसिसचा, कुठला तुझ्या, कुठल्या पेपरवर ती पहिली आणि कुठल्यावर तू, आणि ते मेलवर लिहून घे, दोघींच्या गाइडना कॉपी ठेवून. पहिला ट्रॅप टांगायच्या आधी. पेपर कुठे छापायचा ते पण बोला, 'नेचर' जर्नलनं ओपन अॅक्सेसचे, म्हणजे पेपर सगळ्यांना फुकट वाचता यावा म्हणून लेखकानं भरायचे, ९,५०० युरो जाहीर केले होते तेव्हा आमच्याकडे लोकांनी त्याचे शिलिंग करून बघितले आणि गप्प बसले, तेवढ्यात इथं एका मुलीची पीएचडीची सगळी फी भरून होते. तुझे प्रोफेसर म्हणतील हे सगळं नंतर बघू. त्यांना सांग नाकोस्टीच्या, म्हणजे इथल्या सरकारी आयोगाच्या, संशोधन परवान्याला इथल्या संस्थेचं संलग्नतेचं पत्र लागतं आणि ती संस्था हेच विचारणार आहे, म्हणजे तुला भांडायला नको. एमटीएवर, म्हणजे नमुने देण्याघेण्याच्या करारावर, सह्या झाल्याशिवाय एकही ट्यूब देशाबाहेर जात नाही हे पण सांग, त्याला वेळ लागतो.

सुधारलेली शीट रविवारपर्यंत पाठव, सोमवारपासून आमचं ऑडिट आहे मग मला मान वर करायला मिळणार नाही. मेलमधे मला कॉपीत ठेवू नकोस, आई बजेट तपासते म्हणतील. आणि बाबा विचारतायत पासपोर्टची मुदत सहा महिन्यांच्या वर आहे का, फोटो काढून पाठव, त्यांचा विश्वास नाहीये तुझ्यावर.

तुझी,
आई