ओलीवर रंग नको, भिंतीला सुकू द्या

महोदय,

पाऊस सरला की कोकणात घरं रंगवायला निघतात. कंबरेच्या उंचीपर्यंत फुगलेला गिलावा खरवडायचा, वॉटरप्रूफिंगचं रसायन घातलेलं सिमेंट थापायचं, वर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट. पुढच्या श्रावणात तीच ओल हातभर वर चढलेली दिसते. जांभ्याच्या जुन्या घरांत हा खर्च वाया जातो, आणि कपाटामागे धरलेली बुरशी घरातल्या दमेकऱ्यांना छळते, म्हणून हे पत्र.

जांभा, म्हणजे कोकणातला तांबडा दगड, सच्छिद्र. जमिनीतलं पाणी तो वर ओढतो आणि उघड्या अंगातून हवेत सोडतो. ती वाट सिमेंट आणि रंगाच्या पापुद्र्याने बुजली की पाणी सुटका मिळेपर्यंत वर चढतं.

आधी ओल कुठून येते ते पाहावं. भिंतीवर जाड प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवावा. आतल्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतली; बाहेरच्या बाजूला जमलं तर खोलीतली दमट हवा गार भिंतीवर निवते आहे, तिथे खिडकी उघडी ठेवणं आणि कपाट भिंतीपासून चार बोटं सरकवणं हाच इलाज.

भिंतीतली ओल असेल तर पहिलं काम अंगणात. हल्ली पेव्हर ब्लॉक थेट भिंतीला भिडवतात आणि अंगण जोत्याच्या वर येतं. भिंतीलगतची दीड फुटाची पट्टी उखडून खडी भरावी, उतार बाहेरच्या बाजूला द्यावा आणि जमीन जोत्यापेक्षा निदान सहा इंच खाली ठेवावी. पागोळ्यांचं पाणी पन्हळीतून दूर न्यावं. पुष्कळ घरांत एवढ्यानेच निम्मं काम होतं.

मग ओलीच्या रेषेच्या दीड-दोन फूट वरपर्यंत सिमेंटचा गिलावा काढावा, दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, पाऊण इंच खरवडाव्यात आणि भिंत उन्हाळाभर उघडी ठेवावी. लोणा, म्हणजे भिंतीवर फुटलेले पांढरे क्षार, कोरड्या ब्रशने झाडावा; धुतला तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात.

नवा गिलावा चुन्याचा. कळीचा चुना, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे खडे, लोखंडी पिंपात विझवावा, प्लास्टिकचं पिंप उष्णतेने वितळतं. पाण्यात खडे थोडे थोडे टाकावेत, खड्यांवर पाणी कधीही ओतू नये. डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे हवेतच. बारीक जाळीतून गाळलेला चुना निदान दोन आठवडे पाण्याखाली मुरवावा. नीट न विझलेला कण गिलाव्यात राहिला तर पुढे फुगतो आणि भिंतीवर फोड येतात.

एक भाग चुना, दोन भाग वाळू, एक भाग सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची भुकटी. वाळू खाडीची नको! तिच्यातलं मीठ हवेतला दमटपणा ओढतं आणि पाऊस नसतानाही भिंत ओलसर राहते. भिंत आदल्या दिवशी भिजवून अर्ध्या इंचाहून पातळ थर द्यावा. जाड थराला तडे जातात. पुढचा थर आठवड्याने. ओलं गोणपाट लावून दिवसातून दोन-तीनदा पाणी शिंपडावं, नाहीतर चुना पीठ होऊन झडतो. गवंडी लवकर घट्ट व्हावं म्हणून घमेलंभर सिमेंट घालू म्हणेल, त्याला ठाम नकार द्यावा.

वर डिंक घातलेल्या चुन्याचे तीन पातळ हात. कपड्याला थोडा लागतो आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो, हे खरं. पण रंगाचा वास नाही, आणि ताज्या चुन्याच्या क्षारतेत बुरशीला थारा नाही. पर्यावरणाच्या दृष्टीनेही चुना बरा: तो सुमारे ९०० अंश सेल्सिअसवर भाजतो, सिमेंटला १४५० लागतात. शिवाय भाजताना सुटलेल्या कार्बन डायऑक्साइडचा बराचसा भाग चुना घट्ट होताना परत शोषतो.

कॉंक्रीटच्या इमारतीतल्या फ्लॅटला यातलं फारसं लागू नाही. तिथे गळती बहुधा बाहेरच्या भेगांतून किंवा वरच्या न्हाणीघरातून असते.

हे काम जाणणारे गवंडी आता म्हातारे होत चालले आहेत. कोकणातल्या आयटीआयमध्ये चुना विझवण्यापासून थापीपर्यंतचं काम त्यांच्याच हाताखाली शिकवलं जावं, ही शासनाकडे मागणी आहे.

– एक वाचक, राजापूर