ठळक छापलेला आकडा आणि आमचा पैलवान

संपादक महोदय,

गंगावेशीत आमचा म्हशींचा धंदा आहे, कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध देतो. थोरला मुलगा 21 वर्षांचा, लहानपणापासून तालमीत. गेल्या महिन्यात कुस्तीचं मैदान जवळ आलं म्हणून त्यानं बैठका एकदम वाढवल्या. त्याच आठवड्यात स्वस्तात मिळतंय म्हणून जोडीदारांबरोबर रक्ततपासणीचं पॅकेज केलं. संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट आला: एसजीओटी 214, एसजीपीटी 96. लिव्हरच्या तपासणीत मोजतात ती ही दोन एन्झाइमं. दोन्ही ठळक छापलेले, शेजारी मर्यादा 40.

शेजारी म्हणाले, कावीळ. घरात रडारड. पहाटेच त्याला घेऊन एका खेड्यात गेलो, तिथं नाकात पाल्याचा रस सोडतात. थोड्या वेळानं नाकातून पिवळं पाणी वाहू लागलं. कावीळ बाहेर पडली असं समजून मी हात जोडले. रात्री त्याच नाकातून रक्त आलं. ते पिवळं पाणी म्हणजे भाजून निघालेल्या नाकाचा स्राव होता, हे मला नंतर कळलं. पोराचं ते रक्त मला अजून दिसतं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी पोराचे खांदे पाहिले आणि विचारलं, "रक्त द्यायच्या आदल्या दिवशी मेहनत किती केलीस?" मग समजावलं. एसजीओटी लिव्हरसारखंच स्नायूंतही असतं, एसजीपीटीही थोडं असतं. अतिमेहनतीनं स्नायूंना इजा झाली की ते रक्तात उतरतं. त्याच रिपोर्टात बिलिरुबिन, म्हणजे काविळीत अंग पिवळं करणारं द्रव्य, 0.7 आणि जीजीटी हे लिव्हरचं आणखी एक एन्झाइम 22 होतं, म्हणजे दोन्ही ठीक. कावीळ असती तर बिलिरुबिन वाढलं असतं. आमच्यापैकी कुणी ते वाचलंच नव्हतं, कारण ते ठळक नव्हतं. स्नायूंची इजा दाखवणारी सीपीके तपासणी केली, ती हजारांत निघाली, म्हणजे दुखावले होते ते स्नायूच. खात्रीसाठी हिपॅटायटिस बी आणि सी पाहिलं, ते नव्हतं. भरपूर पाणी आणि बारा दिवस विश्रांती, मग एसजीओटी 34, एसजीपीटी 51. एसजीपीटी उतरायला जास्त वेळ घेतं, म्हणून तेवढं मागं राहिलं.

उलटंही मी घरात पाहिलंय. माझा भाऊ दारू प्यायचा. एसजीपीटी मर्यादेत आलं की रिपोर्ट नाचवायचा. अल्ब्युमिन, म्हणजे लिव्हर बनवतं ते प्रथिन, मात्र कमी होत चाललं होतं. लिव्हर काम किती करतं हे त्यातून कळतं, एन्झाइममधून नव्हे. पोटात पाणी झालं तेव्हा उशीर झाला होता.

म्हणून लॅबवाल्यांना कळकळीची विनंती. नमुना घेताना "उपाशी आहात का" एवढंच विचारलं जातं. मागच्या आठवड्यात मेहनत किती केली, कोणत्या गोळ्या, काढे, पावडरी चालू आहेत, दारू किती, हेही विचारून रिपोर्टवर लिहा. मराठीत दोन ओळी छापा. ज्या गावात प्रत्येक पेठेत तालीम आहे, तिथं हे व्हायलाच हवं.

आमच्या वस्तादांनी आता तालमीत सांगून ठेवलंय: तपासणी ठरली की आधी आठवडाभर जोर-बैठका हलक्या ठेवायच्या. पण डोळे पिवळे दिसले किंवा लघवी चहासारखी झाली, तर कारण शोधत न बसता त्याच दिवशी दवाखाना.

आपला,
एक पैलवानाचा बाप, गंगावेश, कोल्हापूर