उंबरा काढल्यावर

सातारा,
रविवार, दुपारचे तीन

प्रिय दत्त्या,

तुझा फोन ठेवला आणि हिनं विचारलं, "काय म्हणतात भावोजी?" मी म्हटलं, दत्ता लॉजमध्ये जायला लागलाय. तिचं लाटणं जागीच थांबलं. आपल्या साताऱ्यात लॉज म्हणजे एसटी स्टँडसमोरचं, 'बोर्डिंग अँड लॉजिंग'च्या पाटीचं. साठी उलटलेल्या माणसानं महिन्यातून एकदा कोट-टाय घालून तिथं जावं याचं एकही चांगलं कारण तिला सुचेना. मग हे लॉज म्हणजे फ्रीमेसन नावाच्या जुन्या बंधुसंघाची शाखा, आणि फ्रीमेसन म्हणजे कोण, हे समजावताना माझी जी तारांबळ उडाली ती तू बघायला हवी होतीस. गवंड्यांची संघटना म्हणावं तर त्यात एकाला थापी धरता येत नाही. धर्म म्हणावं तर तेही नाही. शेवटी म्हटलं, भजनी मंडळ समज, फक्त टाळ नाहीत आणि दार लावून घेतात. तिचं समाधान झालं. तुझं होणार नाही, म्हणून हे पत्र.

तुझ्या दीक्षेचं तू फोनवर अर्धंच सांगितलंस. डोळ्यांना पट्टी, गळ्यात दोर, शर्टाची डावी बाजू उघडी, डावा गुडघा उघडा, एका पायात बूट आणि दुसऱ्यात सपाता. अंगठी, घड्याळ, खिशातली चिल्लर, म्हणजे धातूचं जे जे असेल ते आधीच काढून घेतलेलं. मग दारावर ठोठावणं. आणि इथं येऊन तू म्हणालास, पुढचं सांगता येत नाही. नको सांगूस. शपथ घेतली आहेस तर पाळ. पण लंडनमध्ये १७३० सालीच एकानं यातलं बरंचसं छापून बाजारात विकलंय, तेव्हा मला वाचायला तुझी परवानगी लागत नाही. गेले पंधरा दिवस तेच वाचतोय. तुझा प्रश्न डोक्यातून जात नव्हता ना: "तू आयुष्यभर देवळांची दारं चितारलीस. दारात एवढं काय असतं रे?"

आधी तुमच्या दाराचं बोलू. तुमच्या दालनातल्या त्या दोन खांबांची हकिगत बायबलातली. राजा शलमोनानं यरुशलेमला देऊळ बांधलं, त्याच्या द्वारमंडपापाशी ब्राँझचे दोन खांब उभे केले. उजवीकडचा याखीन, डावीकडचा बवाज. एका नावाचा अर्थ 'तो स्थिर करील', दुसऱ्याचा 'त्याच्या ठायी बळ'. ओतणारा कारागीर सोर शहराचा हिराम, एका विधवेचा मुलगा. खांबांची मापं वाचून मी उडालोच: उंची अठरा हात, घेर बारा हात, आतून पोकळ आणि जाडी चार बोटं! आमचे अण्णा असंच बोलायचे, आठवतं? टेप खिशात असायची, पण गिऱ्हाइकाला सांगताना "चार बोटं सोडा, लाकूड फुगतं पावसात." अठरा हात म्हणजे सत्तावीस फूट. माथ्यावर भुईकमळं आणि डाळिंबांच्या रांगा. (आटपाडीकरांना कळवायला हवं.) पुढे बाबिलोनच्या सैन्यानं ते खांब फोडून सगळा धातू गाडे भरभरून नेला. देऊळही गेलं.

हे खांब छत पेलत होते की नुसतेच उभे होते, यावर पंडितांचा वाद आहे. मला ते नुसते उभे असलेलेच बरे वाटतात, आपल्या दीपमाळांसारखे. ज्याच्यावर वजन नाही तो खांब माणसासाठी असतो. त्याच्यामधून जाताना आपण आपोआप अंग चोरतो, चाल बदलते. देवळाच्या दाराचं निम्मं काम तिथंच झालेलं असतं.

तुमची मंडळी म्हणतात की ते दगडाचं देऊळ गेलं, आता प्रत्येकानं ते स्वतःच्या आत बांधायचं. तू अजून अनघड दगड, पुढे घडीव व्हायचंस. टाकीच्या घावांची ती म्हण मी फळ्यावर इतकी वर्षं लिहिली की माझ्यापुरती तीच झिजून गुळगुळीत झाली आहे, त्यामुळे या भागावर मी लगेच मान डोलावणार नाही. एक गोष्ट मात्र मनात घर करून बसली. जुन्या प्रश्नोत्तरांत नव्या माणसाला विचारतात, तुझी मेसन होण्याची पहिली तयारी कुठं झाली? उत्तर आहे: माझ्या हृदयात. मग पुढचा प्रश्न, त्यानंतर कुठं? तर दालनाला लागून असलेल्या खोलीत. म्हणजे पट्टी, दोर, उघडा गुडघा हे सगळं दुसरं दार. पहिलं दार त्याआधी कधीतरी, तुझ्याही नकळत ओलांडून झालेलं. हे कुणी रचलं असेल त्याला मी ओळखत नाही, पण त्याच्याबरोबर पोवई नाक्यावर एक चहा प्यायला आवडला असता.

धातू का काढून घेतात याचं कारणही छान आहे. शलमोनाच्या देवळाचे दगड खाणीतच घडवून आणले होते, बांधकाम चालू असताना हातोडीचा किंवा लोखंडी हत्याराचा आवाजही झाला नाही म्हणे. म्हणून जिवंत दगडानंही खणखणाट न करता आत यावं. आणि नंतर तिथंच, ईशान्य कोपऱ्यात उभं करून, दानधर्मासाठी काहीतरी दे म्हणतात. खिसा रिकामा! तुझा चेहरा कसा झाला असेल ते मला इथून दिसतंय. तू तर शाळेच्या सहलीतही दुसऱ्याच्या पैशानं भेळ खाणारा.

आता दिशेचं सांगतो, कारण इथं मी खरोखर अडलो. तुमचा मुख्य बसतो पूर्वेला आणि तुला आणतात पश्चिमेकडून. डोळे बांधलेले. तुला सगळ्यात जास्त काय हवंय असं विचारतात, तू म्हणायचं, प्रकाश. मग पट्टी सुटते. सरळ हिशेब आहे, अंधारातून उजेडात. आपल्या देवळांत बहुतेक ठिकाणी उलटं. देव पूर्वेकडे तोंड करून बसतो, म्हणजे आपण सूर्याला पाठ करून आत जातो. बाहेर लख्ख ऊन, मग सभामंडपात सावली, अंतराळात त्याहून कमी, गाभाऱ्यात तर फक्त समई. डोळ्यांना पट्टी कुणी बांधत नाही, दगडच ती हळूहळू बांधत नेतो. (शलमोनाचं देऊळही पूर्वाभिमुखच होतं, अगदी आतली खोली काळोखी. तुमच्या लॉजनं नकाशा फिरवून घेतला आहे. तुझ्या ज्येष्ठांना विचारून बघ का ते.)

हेच डोक्यात होतं म्हणून परवा सज्जनगडावर गेलो. परळीच्या बाजूनं पायऱ्या चढताना गुडघ्यानं दोनदा जाब विचारला. गडाला आधी छत्रपती शिवाजी महाद्वार, मग समर्थ महाद्वार. किल्ल्याची दारं शत्रूसाठी असतात, वळण घेऊन, दडून. चढणारा धापा टाकत येतो आणि दार अचानक समोर उभं राहतं. पण खरं दार पुढंच. देवळात वर राम, आणि समर्थांची समाधी त्याच्या खाली, तळघरात. एवढा डोंगर चढून जायचं आणि शेवटी पायऱ्या उतरायच्या. मी खाली गेलो तेव्हा एक आजोबा भिंतीला हात लावत, पाऊल चाचपत उतरत होते. त्यांचा नातू मागून मोबाइलचा उजेड पाडत होता. आजोबा म्हणाले, "बंद कर रे, त्यानं दिसत नाही." बरोबर होतं त्यांचं. उजेडानं पुढची पायरी आणखी काळी पडत होती.

युरोपातल्या काही पंथांत नव्या माणसाला आधी एका अंधाऱ्या खोलीत एकटं बसवतात. कवटी, वाळूचं घड्याळ, मीठ, आणि भिंतीवर 'व्हिट्रिओल' असा शब्द. लॅटिन वाक्याची आद्याक्षरं ती: पृथ्वीच्या पोटात उतर, शुद्ध करत जा, दडलेला दगड सापडेल. तुमची पद्धत इंग्रजी असणार, म्हणून ही खोली तुझ्या वाट्याला आली नसावी. चुकलंच काहीतरी तुझं.

पण एक कर, दत्त्या. "हे सगळं मूळ आपलंच" असं मला कळवू नकोस, आणि "आपल्या देवळांत इजिप्तची गुपितं आहेत" असंही नको. स्कॉटलंड-इंग्लंडच्या पाथरवटांचे मेळ, त्यांचे नियम, मग त्यात शिरलेले सरदार-वकील, आणि १७१७ साली लंडनमधली ग्रँड लॉज, म्हणजे लॉजांची वरची संस्था, असा तुमचा साधा इतिहास आहे. कलकत्त्याला लॉज आली १७३० च्या सुमारास, तीही कंपनीच्या साहेबांची. सारखेपणा आहे तो दारामुळे. दार कुठलंही असो, त्याला माणूस वाकलेला हवा असतो.

आता भांडायचं ते. दाराबाहेर नागवी तलवार घेऊन एक रखवालदार असतो तुमचा. प्रतीक आहे म्हणशील. पण मुंबईत माणेकजी कर्सेटजींना तो प्रतीक वाटला नसणार. पारशी, सुशिक्षित, मान्यवर माणूस, तरी मुंबईच्या गोऱ्या मेसन मंडळींनी दार उघडलं नाही. गडी थेट पॅरिसला जाऊन दीक्षा घेऊन आला! तरी इथलं दार बंदच. शेवटी १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांनी 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज काढली तेव्हा हिंदुस्थानी माणसांना वाट मिळाली. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्तांना प्रवेश मिळायला १८७२ उजाडलं. विश्वबंधुत्वाचं देऊळ, आणि बंधू पायरीवर.

आपण तरी कुठल्या तोंडानं बोलणार? चोखोबांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर आहे, आत नाही. साने गुरुजींना १९४७ साली त्याच दारासाठी प्राण पणाला लावावे लागले. आपल्या लहानपणी आळीतल्या देवळात कोण कुठवर यायचं हे तुला आठवतं, मला आठवतं, आणि आपण दोघं तेव्हा आतच होतो.

बायकांचं तर विचारूच नकोस. हिनं विचारलं, मी म्हटलं, नाही घेत. ती म्हणाली, "वेणाबाईंचं वृंदावन सज्जनगडावर आहे, आणि यांच्यात साधं चहालाही नाही?" ॲनी बेझंट ज्या शाखेत होत्या ती स्त्री-पुरुष दोघांची, पण तिला तुमची मुख्य मंडळी मान्यता देत नाहीत. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुझ्याकडे असेल तर हिच्या नावानं वेगळं पाठव.

बरं, घरचं. हे खरं तर आधी लिहायचं होतं, टाळत आलो.

आईचं खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती वॉकरवर आहे, हे तुला माहीत आहे. डॉक्टर म्हणाले, घरातले उंबरे काढा. आतल्या खोल्यांना नव्हतेच, पुढच्या दाराचा तेवढा होता. अण्णांनी स्वतः बसवलेला, सागवानी, सहा बोटं उंच. तू त्यावर ठेचकाळून दात पाडून घेतला होतास तो. ज्या मिस्त्रीला सांगितलं तो तीन वेळा वायदा चुकवून आला आणि ग्राइंडरनं अर्ध्या तासात कापून मोकळा झाला. सगळ्या घरभर भुसा. लाकडाला वास मात्र अजून होता, ओल्या सागाचा नाही, हळदीचा. वरच्या भेगांत इतक्या वर्षांचं हळदकुंकू बसून ती फटच भरून आली होती, नखानं खरवडलं तर पिवळा-लाल चुरा. खाली मातीत एक भोकाचा पैसा निघाला. चौकट बसवताना अण्णांनी ठेवला असणार. तुझ्याकडून दाराशी धातू काढून घेतला, आमच्या बापानं तो दाराखालीच ठेवून दिला होता!

मिस्त्रीनं जागा सपाट करून वर फरशी बसवली. आता दार म्हणजे एक रेघ. दुसऱ्या दिवशी सकाळी आई वॉकर घेऊन बाहेर निघाली. मी मागे होतो. दारापाशी आली, वॉकर पुढे सरकवला आणि पाय उचलला. चांगला सहा बोटं. जिथं काही नाही तिथं पाय उचलून तो पलीकडे ठेवला, मग दुसरा. तोल गेला, मी धरलं. म्हटलं, आई, उंबरा काढला ना, सरळ चाल. म्हणाली, "माहितीये मला." आणि येताना पुन्हा तेच.

याच उंबऱ्यावर माप ओलांडून ती आली, एकोणिसाव्या वर्षी. त्यावर कधी बसली नाही, कुणाला शिंकू दिलं नाही, संध्याकाळी नरसिंहाची गोष्ट सांगायची ती इथंच शेजारी, जोत्यावर बसून: ना घरात ना बाहेर. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी कावली आहे. म्हणते, आजी, असा पाय उचललात तर पुन्हा पडाल, उंबरा काढून उपयोग काय? आई तिच्यासमोर शहाण्यासारखी पाय घासत चालते. ती गेली की पुन्हा उचलते.

आज सकाळी पाहिलं तर हिनं कुणी न सांगता फरशीच्या त्या रेघेवर हळदकुंकू लावलं होतं.

कापलेला उंबरा दोन तुकड्यांत पडवीत उभा करून ठेवलाय. भंगारवाला दोनदा विचारून गेला. तू पुढच्या महिन्यात येशील तेव्हा ठरवू. येताना त्या खांबांचं माप तुमच्या दालनात मोजून आण, हातात आणि बोटांत. आईला तुझ्या कोट-टायचं सांगितलंय, ती हसली, आणि विचारलंन, "दत्तूला आत जाताना चपला काढायला लावतात का रे?" मी म्हटलं, एकच.

तुझा,
बाळ्या