बाथला मुक्काम कोठे करावा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडमधील बाथ या शहरावरील लेख वाचला. रोमन स्नानगृहांचे आणि मधाच्या रंगाच्या दगडी घरांचे वर्णन लेखकाने रंगवून केले आहे. मात्र मुक्कामाचा विषय ‘गाव लहान आहे, कोठेही उतरले तरी चालते’ एवढ्या एका वाक्यात उरकला आहे. सोलापुरातील अनेक ज्येष्ठ मंडळी हल्ली मुला-मुलींकडे इंग्लंडला जातात आणि लंडन पाहून झाले की बाथचे नाव निघतेच. त्यांच्या दृष्टीने हे वाक्य दिशाभूल करणारे आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

गाव लहान आहे हे खरे, पण ते सपाट नाही. ॲव्हन नदीच्या वळणाजवळचा जुना भाग, म्हणजे बाथ ॲबी हे जुने चर्च, रोमन स्नानगृहे आणि ‘बाथ स्पा’ रेल्वे स्थानक हा सारा परिसर खोलगट जागी आहे आणि त्याच्या भोवती टेकड्या आहेत. सात रस्त्यापासून होम मैदानापर्यंत चालत जाताना वाटेत चढ किती, हे आपण सोलापूरकर कधी विचारीत नाही. त्यामुळे ‘स्थानकापासून पंधरा मिनिटे’ असे जाहिरातीत वाचले की आपल्याला ती सपाट रस्त्यावरची पंधरा मिनिटे वाटतात. उत्तरेला लॅन्सडाउन, पूर्वेला विद्यापीठाकडे जाणारा बाथविक हिल, दक्षिणेला स्थानकामागे नदी ओलांडली की वेल्स रोड, यांपैकी कोणत्याही रस्त्यावर सामान ओढत चढणे गुडघेदुखी असलेल्या माणसाला झेपणारे नाही. याउलट १७७४ साली पूर्ण झालेला, दोन्ही बाजूंना दुकाने असलेला पुल्टनी पूल ओलांडला की ग्रेट पुल्टनी स्ट्रीट हा रुंद आणि जवळजवळ सपाट रस्ता लागतो. माझ्या मते ज्येष्ठांनी खोली पाहावी ती याच रस्त्याच्या आसपास, नाही तर स्थानक आणि ॲबी यांच्या मधल्या भागात.

दुसरा प्रश्न जिन्यांचा आहे आणि तो चढाहूनही अवघड आहे. तेथील बहुतेक लहान हॉटेले व गेस्ट हाउस अठराव्या शतकातील घरांत आहेत. ही घरे एकमेकांना लागून, उंच आणि अरुंद बांधलेली असून तळघरात स्वयंपाकघर, मधल्या मजल्यांवर मालकांच्या प्रशस्त खोल्या आणि छपराखाली नोकरांच्या खोल्या अशी त्यांची मूळ रचना होती. संपूर्ण शहर १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे (२०२१ मध्ये युरोपातील आणखी दहा स्नाननगरींबरोबर त्याची पुन्हा नोंद झाली) आणि जुन्या इमारतींत फेरफार करण्यावर कडक निर्बंध आहेत. त्यामुळे लिफ्ट नसणे हा मालकाचा हलगर्जीपणा मानता येत नाही. आम्ही उतरलो होतो तेथील शेवटचा जिना एवढा चिंचोळा होता की बॅग आडवी धरून एकेक पायरी चढावी लागे आणि वळणावर दोघांपैकी एकाने मागे सरल्याशिवाय दुसऱ्याला पुढे जाता येत नसे. स्वस्त म्हणून दाखविली जाणारी खोली बहुधा छपराखालची तरी असते, नाही तर तळघरातली. तळघरातील खोलीच्या खिडकीतून वर पाहिले की फुटपाथवरून जाणाऱ्यांचे बूट तेवढे दिसतात. ज्यांना हे चालत असेल त्यांनी खुशाल घ्यावी, पण पैसे भरण्यापूर्वी ‘खोली कोणत्या मजल्यावर आहे, पायऱ्या किती आणि लिफ्ट आहे का’ हे ई-मेलने विचारून उत्तर लेखी घ्यावे.

स्नानगृहांना लागून खोली मिळाली तर उत्तम, हा समजही तपासून घ्यावा. झऱ्यातून सुमारे ४६ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी अखंड वर येते हे खरे. परंतु रोमन स्नानगृहे हे आज संग्रहालय असून तेथील पाण्यात उतरता येत नाही. प्रत्यक्ष स्नानासाठी २००६ साली सुरू झालेले थर्मे बाथ स्पा आहे. तेथे सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही आणि पोहण्याचा पोशाख सक्तीचा आहे. वज्रेश्वरीच्या कुंडांप्रमाणे साडी किंवा पंचा नेसून उतरता येईल, अशी अपेक्षा ठेवू नये. गेन्सबरो नावाच्या महागड्या हॉटेलात नैसर्गिक गरम पाणी थेट येते, पण त्यासाठी मोजावी लागणारी रक्कम आपल्यासारख्यांच्या हिशेबात बसणे कठीण. शिवाय सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांच्या मार्गावर घर असलेल्यांना जी सोय आणि जो गोंगाट एकदमच लाभतो, तसेच काहीसे ॲबीच्या परिसरातील खोल्यांचे आहे. घंटा, रस्त्यावरचे गवई आणि शनिवारी रात्री उशिरापर्यंत मद्यालयांतून बाहेर पडणारे तरुण यांमुळे लवकर झोपणाऱ्यांची पंचाईत होते.

नातेवाइकांच्या मोटारीतून जाणाऱ्यांनी पार्किंगची चौकशी आधी करावी, कारण गावातील बहुतेक गल्ल्या तेथील रहिवाशांच्या गाड्यांसाठी राखीव आहेत. गावाबाहेर लॅन्सडाउन, न्यूब्रिज आणि ऑड डाउन येथे गाडी ठेवून बसने आत येण्याची सोय आहे. त्यापेक्षाही लंडनच्या पॅडिंग्टनहून सुमारे दीड तासात पोहोचणारी रेल्वे मला बरी वाटते. सप्टेंबरातील इंग्रजी कादंबरीकार जेन ऑस्टिन यांच्या नावाचा महोत्सव आणि नाताळापूर्वीचा बाजार या दिवसांत दर बरेच चढतात आणि शनिवारी-रविवारी अनेक ठिकाणी किमान दोन रात्रींची अट असते. रविवार ते गुरुवार खोली तुलनेने स्वस्त पडते. गावात काहीच जमले नाही, तर रेल्वेने पाव तासाच्या आत असलेल्या ब्रिस्टलला राहावे. जेवणाचे फारसे अडत नाही, तरी स्वयंपाकघर असलेली सदनिका मिळाल्यास सोबत नेलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी उपयोगी पडते.

लंडनहून सकाळी निघून स्टोनहेंज हे प्राचीन शिळावर्तुळ आणि बाथ एकाच दिवसात ‘करून’ आणणाऱ्या सहलींत बाथच्या वाट्याला जेमतेम काही तास येतात. त्यापेक्षा तेथे निदान एक रात्र काढणे मला अधिक सयुक्तिक वाटते. म्हणूनच आपणास विनंती आहे की पर्यटन पुरवणीतील प्रत्येक लेखासोबत मुक्कामाची एक छोटी चौकट द्यावी आणि तीत हॉटेलांच्या नावांपेक्षा स्थानकापासूनचा चढ, पायऱ्या, लिफ्ट, पार्किंग आणि गर्दीचे दिवस यांचा उल्लेख असावा. लेख लिहिणारे प्रवासी तेथे जाऊन आलेले असतात. त्यांना ही माहिती देणे अवघड नाही.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक,
जुळे सोलापूर