यंत्र द्या, पण त्याच्या फिल्टरचे पैसेही द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आरोग्यासाठी देणगी म्हटली की बहुतेक दात्यांच्या मनात आधी यंत्र येते. यंत्र दिसते, त्यावर नाव लिहिता येते, अर्पण सोहळा करता येतो. ते पुढची पाच वर्षे चालवायचे कसे, हा प्रश्न त्या सोहळ्यात कोणी काढत नाही, आणि बऱ्याच देणग्या तिथेच मातीमोल होतात.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचेच घ्या. हवेतला नायट्रोजन झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या दाण्यांत अडकवून ते ९० टक्क्यांहून अधिक शुद्ध ऑक्सिजन देते. बाहेरचा जाळीचा फिल्टर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून बसवावा लागतो. तो धुळीने बुजला की कॉम्प्रेसर तापतो. यंत्र महिनोन्महिने कोपऱ्यात पडून राहिले तर ओल झिओलाइटमध्ये शिरते आणि नायट्रोजन धरण्याची त्याची ताकद कमी होते. मग खरा घात होतो. यंत्र चालू असते, बाटलीत बुडबुडे येतात, प्रवाह दाखवणाऱ्या मीटरमधली गोळी मिनिटाला ५ लिटरवर असते, पण नळीतून येणाऱ्या हवेत ऑक्सिजन पुरेसा नसतो. हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी ऑक्सिजन ॲनालायझर हवा, आणि देणगीत नेमका तोच नसतो.

परदेशातून आलेल्या यंत्रांची अडचण आणखी वेगळी. ११० व्होल्ट, ६० हर्ट्झचे यंत्र २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या विजेवर लावायचे म्हणून ट्रान्सफॉर्मर आणतात. तो व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ, म्हणजे विजेची वारंवारता, बदलत नाही. त्यामुळे बऱ्याच यंत्रांतला कॉम्प्रेसर कमी वेगाने फिरतो आणि ऑक्सिजनची शुद्धता घसरते.

म्हणून दात्यांना आमची विनंती आहे की दहा यंत्रांच्या पैशांत सातच द्या. उरलेल्या रकमेतून स्टॅबिलायझर, सुटे फिल्टर, एक ॲनालायझर, तंत्रज्ञाचे प्रशिक्षण आणि देखभालीचा खर्च भागवा. देखभालीसाठी दरवर्षी मूळ किमतीच्या ५ ते १० टक्के रक्कम धरावी.

औषधांचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दानाची औषधे पोहोचतील तेव्हा त्यांची मुदत सर्वसाधारणपणे किमान एक वर्ष उरलेली असावी आणि वेष्टनावर औषधाचे मूळ, म्हणजे जेनेरिक नाव असावे. घरोघरच्या उरल्यासुरल्या गोळ्या तर देऊच नयेत. त्या निवडण्यात आणि नष्ट करण्यातच रुग्णालयातल्या फार्मासिस्टचे दिवस जातात.

औषध फुकट मिळाले म्हणून काम फुकट होत नाही. मर्क कंपनीने १९८७ मध्ये ‘रिव्हर ब्लाइंडनेस’ या जंतांमुळे अंधत्व आणणाऱ्या रोगासाठी आयव्हरमेक्टिन हे औषध लागेल तितके विनामूल्य देण्याचे जाहीर केले. पण हे औषध पूर्ण वाढलेला जंत मारत नाही, त्याची पिल्ले मारते. त्यामुळे दर वर्षी एकदा तरी डोस, तोही दहा-पंधरा वर्षे. तो गावातल्याच स्वयंसेवकांनी दिला. वजनकाट्याऐवजी खुणांची काठी उभी करून, उंचीवरून गोळ्या ठरवल्या. एवढे वर्षानुवर्षे टिकले ते वाहतूक, प्रशिक्षण आणि नोंदवह्या यांवरही पैसा खर्च झाला म्हणूनच.

नारू या पाण्यातून होणाऱ्या जंतरोगाचे उदाहरण आम्हाला त्याहून मोलाचे वाटते. १९८६ मध्ये जगात अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. अलीकडे वर्षाला पंधराच्या आसपास. नारूवर ना लस आहे, ना औषध. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचे कार्टर सेंटर आणि सहकारी संस्थांनी पैसा लावला तो पाणी गाळायच्या बारीक कापडावर, नारूची पिल्ले वाहणारे पाण्यातले सूक्ष्म सायक्लॉप्स मारणाऱ्या टेमेफॉस या कीटकनाशकावर आणि गावागावांतून रुग्णांची खबर देणाऱ्या माणसांवर. यातल्या कशावर नावाची पाटी लावणार?

उलट, अमेरिकी उद्योगपती रॉकफेलर यांच्या १० लाख डॉलरच्या देणगीतून १९०९ पासून अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत हुकवर्म या आतड्यातल्या जंताविरुद्ध मोठी मोहीम चालली. थायमॉल हे औषध देऊन असंख्य लोकांच्या पोटातले जंत पडले. पण जिथे संडास झाले नाहीत तिथे मातीत अंडी पडत राहिली आणि अनवाणी पायांतून जंत पुन्हा शिरले.

रुग्णालयांनाही एक सांगणे आहे. देणगी स्वीकारण्याआधी वीज कोणती, सुटे भाग कोठे मिळतात, दुरुस्ती कोण करणार आणि वर्षाचा खर्च कोणाचा, ही चार उत्तरे लेखी घ्या. ती मिळाली नाहीत तर दात्याचे आभार मानून यंत्र परत पाठवा.

आपले,
वैद्यकीय उपकरणांची देखभाल करणारे काही वाचक