पहिला पगार आणि दशांश

चि. रूथ,
सप्रेम सलाम आणि अनेक आशीर्वाद.

दशांश, म्हणजे मिळकतीतला देवाला द्यायचा दहावा भाग, एकूण पगारातून काढायचा की हातात आलेल्या पगारातून, असं विचारलंस. बायबलमध्ये पीएफ नाही, त्यामुळे यावर भांडणाऱ्यांत पडू नकोस. हातात ३२,५०० येतात ना, मग ३,२५० बाजूला काढ. कापलेला पीएफ पुढे मिळेल तेव्हा त्यातूनही दे.

जुन्या करारातल्या नियमशास्त्रातही दशांश एकाच कामाचा नव्हता. ‘गणना’ पुस्तकाच्या १८व्या अध्यायात तो लेव्यांचा, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशाचा, आणि लेव्यांनी त्यातला दहावा भाग याजकाला द्यायचा. ‘अनुवाद’ पुस्तकाच्या १४व्या अध्यायात सणाच्या जेवणाचा, आणि दर तिसऱ्या वर्षी गावातल्या लेवी, परका, अनाथ, विधवा यांचा. म्हणून सगळं एकाच थैलीत टाकू नकोस. २,००० मंडळीला (चर्चला), १,२५० गरजूंना, असं काहीतरी ठरव.

मलाखी ३:१० काढून ‘दशांश द्या, दहापट मिळेल’ म्हणणारे भेटतील. ‘दहापट’ त्या वचनात नाहीच; दशांश भांडारात आणा, असं आहे. तिथलं भांडार म्हणजे मंदिरातल्या धान्य, द्राक्षारस, तेल साठवायच्या खोल्या. सोबत नहेम्या १३ वाच. तिथली मोठी खोली नहेम्याचा विरोधक तोबीया याला दिलेली, लेव्यांना वाटा मिळेना, म्हणून ते सेवा सोडून आपापल्या शेतांवर गेले. यहूदाचा प्रांताधिकारी असलेल्या नहेम्याने खोली रिकामी करवली, यहूदाचे लोक पुन्हा दशांश आणू लागले, आणि भांडारावर त्याने याजक, शास्त्री व लेवी असे तिघे आणि त्यांच्या हाताखाली हानान नेमला. का, तर ही माणसं विश्वासू मानली जात. हा भाग उपदेशात सहसा येत नाही!

नव्या करारात मंडळीला टक्का ठरवून दिलेला नाही, पद्धत दिली आहे. १ करिंथ १६:२ प्रमाणे आठवड्याच्या पहिल्या दिवशी, प्रत्येकाने, मिळकतीच्या मानाने बाजूला ठेवायचं. उरेल त्यातून देऊ म्हटलं की २५ तारखेला काही उरत नाही. पगाराच्या दुसऱ्याच दिवशी रक्कम वेगळ्या खात्यात आपोआप जाईल अशी सोय बँकेत करून घे.

क्रेडिट कार्डावर दान नको. थकबाकीवर महिन्याला साधारण साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, आणि २ करिंथ ८:१२ सांगतं की जवळ जे आहे त्या मानाने दिलेलं मान्य होतं, नाही त्या मानाने नव्हे. थकबाकी असेल तर आकडा खाली आण, पण देणं बंद करू नकोस. मार्क ७ मधला ‘कुर्बान’ही वाच: देवाला वाहिलं म्हणून आईबापांना काही द्यायचं नाही, हे येशूला चाललं नाही. (हे आईनेच लिहावं, जरा विचित्रच!)

करसवलतीची आशा धरू नकोस. नव्या करप्रणालीत देणगीची वजावट नाही. पावती मात्र माग. यरुशलेममधल्या गरजूंसाठी मदत नेताना प्रेषित पौलानेही सोबत माणसं घेतली, कोणी दोष लावू नये म्हणून. तुमच्या मंडळीत थैली दोघं मिळून मोजतात का, वर्षाचा हिशेब सभेत वाचतात का, हे विचार. यूपीआयने देताना पडद्यावर मंडळीचं किंवा ट्रस्टचं नाव दिसलं पाहिजे. पाळकसाहेबांचं स्वतःचं नाव दिसलं तर थांब आणि खजिनदारांना फोन कर.

तुझी,
आई