आमच्या बाई

महोदय,

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत उभी नोकरी काढलेल्या आमच्या बाई गेल्या आठवड्यात गेल्या. १९५६ मध्ये आमचा भाग म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला, आणि पुढे कचेरीचे कागद कन्नडमध्ये झाले. बाई जिद्दीने कन्नड शिकल्या. जमिनीचा उतारा वाचून घ्यायला अर्धा गाव त्यांच्या सोप्यात बसलेला असायचा. सीमाप्रश्नावर मात्र त्यांचे मत ठाम होते, आणि ते कुणासमोरही बोलायला त्या कचरत नसत.

निवृत्तीनंतर नातवंडे हेच त्यांचे विश्व. ती इंग्रजी शाळेत जाणारी, म्हणून दिवेलागणीला पाढ्यांचा वर्ग भरायचा. पावकी, निमकीसुद्धा, म्हणजे पाव आणि अर्ध्याचे पाढे! (आजच्या किती शिक्षकांना येते?) चुकेल त्याला बेळगावचा कुंदा नाही. सगळ्यात धाकटा रोज मुद्दाम रडायचा, आणि बाई पदराआडून त्याला हळूच तुकडा द्यायच्या. शाळेत आम्हाला असली सूट कधी मिळाली नाही.

त्यांचे पुस्तकांचे कपाट घरचे लोक शाळेला देणार आहेत. माजी विद्यार्थ्यांनी त्यात आपापल्या परीने भर घालावी.

– एक माजी विद्यार्थिनी, खानापूर